अकरा वर्षांची खोटी ललकारी

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. ही तक्रार आहे आणि ती माझ्या बायकोची आहे. मी आईशी फोनवर बोलायला लागलो की श्रद्धा उठून खिडक्या लावून घेते. "अवधूत, आई नागपूरला आहेत हे खरं, पण मध्ये फोन आहे ना," असं म्हणते. ती पुण्याची. पुण्यात हळू बोलूनही माणसाचा अपमान करता येतो, त्यामुळे तिकडे आवाजाची गरज पडत नसावी.

पण याच आवाजाच्या जोरावर मी गेली अकरा वर्षं एका राजदरबारात चोपदार आहे. सध्याच्या राजाचं नाव ग्रॅहॅम. सोमवार ते शुक्रवार तो लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो. मी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी मात्र आम्ही आणि आमच्यासारखे दीडशे लोक सहाशे वर्षं मागे जातो. मिल्टन कीन्स या आमच्या इंग्रजी शहरातून तेरा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, ओलांडून बाहेर पडलं की एका गावाचा कम्युनिटी हॉल लागतो. तिथे आम्ही बॅडमिंटनच्या रेघांवर सतरंज्या घालतो, भिंतींवर निशाणं टांगतो, लोकरीचे झगे चढवतो आणि 'ग्रे हेरन' मंडळाचा दरबार भरवतो. हेरन म्हणजे बगळा. बगळ्याच्या नावाने दरबार भरवणारी माणसं कशी असतील याचा अंदाज श्रद्धाने पहिल्याच दिवशी बांधला होता, आणि तो फारसा चुकलेला नाही.

नियम बरेच आहेत. सन पंधराशेनंतरची कुठलीही गोष्ट पानात चालत नाही. म्हणजे बटाटा बाद, टोमॅटो बाद आणि मिरचीही बाद. नागपूरच्या माणसाने मिरचीवाचून अख्खी मेजवानी जेवायची, यापेक्षा मोठा त्याग त्या दीडशे जणांत कोणी केला असेल असं मला वाटत नाही. पण सगळ्यात कडक नियम नावाचा. दरबारातलं नाव वेगळं घ्यावं लागतं आणि ते त्या काळी खरोखर वापरात होतं याचा पुरावा द्यावा लागतो. हे खातं हिलरीकडे. ती इतिहासाची रिटायर्ड शिक्षिका आहे आणि लाल पेन अजूनही पर्समध्ये बाळगते. मी मोठ्या हौसेने 'अवधूतराव नागपूरकर' असं लिहून दिलं. तिने विचारलं, "राव म्हणजे काय?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, राजासारखा मोठा माणूस. राव कटलं. मग तिने नागपूर शोधलं. शहर सतराशे दोन सालचं निघालं. नागपूरही कटलं. शेवटी मी 'अवधूत ऑफ रामटेक' झालो.

"हे बघ," हिलरीने पेनाला टोपण लावता लावता सांगितलं, "नाव तुझं तू घ्यायचं. किताब दुसऱ्यांनी द्यायचा."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

किताबाची रीत अशी. आमच्याकडे पहिला मान म्हणजे 'राखी पीस', बगळ्याच्या राखाडी पिसावरून नाव पडलेला. तो मिळाला की पुरुषाच्या नावामागे लॉर्ड आणि बाईच्या नावामागे लेडी लागतं. मंडळातला कोणीही दुसऱ्या कोणाबद्दल राजाला पत्र लिहू शकतो: अमक्याने इतकी वर्षं तंबू ठोकले, तमकीने इतके झगे शिवले, हिला मान द्यावा. राजाला पटलं की तो ठरवतो. ज्याला मान मिळायचा त्याला कानोकान खबर लागू द्यायची नाही. भर दरबारात चोपदार अचानक त्याचं नाव पुकारतो, तो गोंधळून पुढे येतो आणि राजा त्याला सनद देतो. जाड कागदावर बोरूने लिहिलेली, कोपऱ्यात बगळ्याचं पीस रंगवलेली. ती घरी भिंतीवर लागते. अंगावर मिरवायचं काही नसतं. आणि स्वतःसाठी मागायचं नाही. आडून सुचवणंसुद्धा वाईट दिसतं.

या सनदा लिहायच्या सुलक्षणाताई. मंडळात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. ताई साताऱ्याच्या, चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन इकडे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत लायब्ररीत होत्या. यादवांच्या काळात बायकांच्या नावांना 'आइसा' लागायचं, म्हणून त्यांनी 'गौराइसा ऑफ देवगिरी' हे नाव घेतलं आणि पुराव्याच्या झेरॉक्स अशा काही रचून ठेवल्या की हिलरीला लाल पेन उघडावंच लागलं नाही. एका सनदेला त्यांना तीन आठवडे लागत. मला पीस मिळालं तेव्हा त्यांनी माझ्या सनदेच्या वेलबुट्टीत एक छोटंसं संत्रं लपवलं होतं. ते मला दोन वर्षांनी दिसलं. मी फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "दिसलं एकदाचं? मला वाटलं, चष्मा बदलेपर्यंत थांबावं लागतंय."

त्यांच्यात एकच खोड होती. दरबारात मी त्यांना पुकारलं की त्या पहिल्या हाकेला कधीच वळायच्या नाहीत. "लेडी गौराइसा ऑफ देवगिरी!" अशी ललकारी मी द्यायचो, खिडक्यांची तावदानं हलायची, बाहेर गाड्यांत झोपलेली कुत्री भुंकायला लागायची, आणि ताई शांतपणे पाव तोडत बसलेल्या असायच्या. दुसरी हाक मारली की मग, "अं? मला का?" अशा चेहऱ्याने उठायच्या. मला वाटायचं, कानाने कमी ऐकू येत असावं. श्रद्धा म्हणायची, तुझा आवाज ऐकू न येण्याइतकं बहिरं होणं माणसाला शक्य नाही, बाई शिष्ट असेल.

या ऑगस्टमध्ये ताईंचा सगळ्यांना ईमेल आला. मुलगा अनुप केंब्रिजला असतो, आता त्याच्याकडे राहायला जाते आहे, मायकेलमसचा, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाचा दरबार हा माझा शेवटचा, बोरू आणि शाई त्या दिवशी मंडळाला परत करीन, लोभ असावा. तीन ओळी.

"केंब्रिज म्हणजे काय काशी आहे?" श्रद्धा म्हणाली. "गाडीने तासाभराचा रस्ता. वेम्बलीला भाजी आणायला आपण त्याहून जास्त वेळ गाडीत बसतो. ती केंब्रिजला जायचं म्हणून सोडत नाहीये, अवधूत. तिला सोडायचंय, म्हणून केंब्रिज."

मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधतेस. आणि माझ्या कामाला लागलो. काम होतं मानांचं रजिस्टर. हिलरीकडे वह्यांमध्ये सगळी नोंद होती: कोण, कुठला मान, कुठल्या राजाच्या हातून, कुठली तारीख. ती स्प्रेडशीटमध्ये भरून द्यायचं मी कबूल केलं होतं. एकशे त्रेचाळीस सनदा भरल्या. सगळ्यांच्या नावापुढे तारीख आली, गौराइसाच्या नावापुढे रिकामा चौकोन राहिला.

मला काही वेगळं वाटलं नाही. रिकामा चौकोन म्हणजे डेटात घोळ. माझं पोटच त्यावर चालतं. दोन रविवार मी वह्या पुन्हा पालथ्या घातल्या. तिसऱ्या रविवारी सरळ ताईंच्या घरी गेलो. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, त्यांनाच विचारू.

त्या पेल्यांना वर्तमानपत्र गुंडाळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, छोटंसं काम होतं. तुमच्या पिसाची तारीख सापडत नाहीये. एंट्री मिस झालीये कुठेतरी."

"एंट्री मिस नाही झालेली," त्या म्हणाल्या. "मला पीस मिळालेलंच नाही."

मी हसलो. "काय ताई! मी इतकी वर्षं तुम्हाला लेडी लेडी म्हणून ओरडतोय."

"हो ना," त्या म्हणाल्या. "तूच ओरडतोयस."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि मला आठवण करून दिली. माझा तो दुसराच दरबार होता. तेव्हाच्या चोपदाराचा घसा बसला होता आणि कोणीतरी विचारलं, मोठा आवाज कोणाचा आहे? मी लहानपणी गणपतीच्या मंडळात माइकवर 'हरवले आहे, सापडले आहे' करत वाढलेलो. हात वर केला. पाहुण्यांची यादी हातात मिळाली. लॉर्ड अमुक, लेडी तमुक, असं धडाधड पुकारत गेलो आणि मध्येच एक नाव आलं, पुढेमागे काहीच नसलेलं: गौराइसा ऑफ देवगिरी. समोर पाहिलं तर माझ्या मावशीच्या वयाची बाई, कपाळाला छोटी टिकली. आता आपल्यात वडीलधाऱ्या बाईला चारचौघांत नुसत्या नावाने हाक मारतात का? जीभच रेटेना. मला वाटलं, लिहिणाऱ्याच्या हातून राहिलं असेल. लेडी म्हणजे आपल्याकडचं ताई, असं समजून मी ते लावून टाकलं आणि दणदणीत ओरडलो.

"पहिल्या दिवशी वाटलं, पोराने मान दिलाय, कशाला त्याला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं," ताई सांगत होत्या. "पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी सगळेच लेडी म्हणायला लागले. मग म्हटलं, आज ना उद्या खरं मिळेलच, आपोआप जुळून जाईल. इट नेव्हर केम. सगळ्यांना वाटतं, हिला कधीच मिळून गेलंय. मग पत्र कोण लिहिणार? आणि मी सांगायचं तरी कसं? एक्स्क्यूज मी, मला लेडी म्हणू नका, मला अजून पीस मिळालेलं नाही? ते मागितल्यासारखंच झालं असतं की."

"म्हणून तुम्ही पहिल्या हाकेला..."

"मला दर वेळी वाटतं, तू दुसऱ्या कोणाला तरी बोलावतोयस."

मी समोरचा एक पेला उचलला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. 

"एकशे त्रेचाळीस जणांची नावं लिहिली रे मी," त्या म्हणाल्या. "आपलं नाव एकदा कोणीतरी असं लिहावं, इतकंच वाटायचं. या वयात हे वाटणं बावळटपणाचं आहे, आय नो. पण वाटतं. खूप वाटतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज एकदम लायब्ररीतला केला. "आता तू यातलं काही करायचं नाहीस. शपथ आहे तुला. मला दयेचं पीस नकोय."

घरी येताना मी दोन राउंडअबाउटांवर चुकीचा फाटा घेतला. अकरा वर्षं मी त्या बाईला भर सभेत टोचत होतो, आणि वर बहिरी समजत होतो.

ग्रॅहॅमला फोन केला. बॉयलरखाली झोपूनच त्याने ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "मीही पत्र लिहिलं नाही रे. मला वाटलं, तिला माझ्याआधी मिळालंय." आणि पुढे त्याने सोपा उपाय सांगितला: चौकोनात बारा वर्षांपूर्वीची एखादी तारीख टाक, तेव्हाचा राजा आता स्पेनला असतो, तो काही विचारायला येत नाही, विषय संपला.

खोटं कशाला सांगू, मी लॅपटॉप उघडला होता. चौकोनात बोट टेकवलं होतं. श्रद्धा मागे चहा घेऊन उभी होती.

"तारीख तू टाकशील," ती म्हणाली. "हाक कुठून आणशील?"

मी लॅपटॉप बंद केला.

हाकेचीच तर पंचाईत होती. दरबारात बोलावून आता पीस द्यायचं म्हणजे, ही बाई अकरा वर्षं नसलेला किताब लावून फिरत होती, हे जाहीर करायचं. हिलरीला सांगितलं, तर तिने नियमांची वही काढली. त्यात लिहिलं होतं, खोटा किताब लावणाऱ्याने दरबाराची माफी मागावी. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, "आणि ज्याने तो दुसऱ्याच्या नावाला लावला, त्याने?" हिलरीने पानं उलटली. चोपदाराने खोटी ललकारी दिली तर त्याची काठी काढून घ्यावी आणि दरबार उठेपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढू नये. हे कलम कोणी कधी वापरलं नव्हतं.

"मग वापरा," मी म्हटलं.

हिलरीने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "दरबार उठेपर्यंत म्हणजे चार तास, अवधूत. जमेल?"

पत्रांचं काम ग्रॅहॅमने केलं. ताई सोडून बाकी सगळ्यांना त्याने एकच प्रश्न पाठवला: गौराइसासाठी आजवर कोणी पत्र लिहिलं आहे? दुसऱ्या दिवसापर्यंत एकाचंही 'हो' आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि प्रत्येकाला तो एकदमच दिसला. पुढच्या चार दिवसांत एकसष्ट पत्रं आली.

राहिली सनद. ती लिहायची कोणी? लिहिणारी एकच होती आणि तिला कळू द्यायचं नव्हतं. ज्याने खोटं ओरडलं त्याने खरं लिहावं, असं हिलरी म्हणाली. माझं अक्षर शाळेपासून बदनाम आहे. मी इंटरनेटवरून बोरू मागवला, शाई मागवली, जाड कागद मागवला आणि आठ दिवस संध्याकाळचं डायनिंग टेबल अडवलं. श्रद्धा ताट मांडीवर घेऊन जेवली. पाचव्या कागदावर तिने वाकून पाहिलं. "कुठलं औषध लिहून दिलंय डॉक्टरांनी?" असं विचारलं. सातवा कागद त्यातल्या त्यात बरा जमला. बगळ्याचं पीस पालेभाजीसारखं दिसत होतं, पण होतं. खाली मी त्यांचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि त्याखाली देवनागरीतही लिहिलं. 

मायकेलमसचा दरबार दुपारी बाराला भरला. हॉलमध्ये उजेड होता, मटणाचा वास होता आणि कोणीतरी आणलेल्या कोंबड्यांचा गलका होता. श्रद्धा पहिल्यांदाच आली होती. हिलरीचा जुना झगा घालून भिंतीशी उभी होती. ताई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. बोरू-शाईची लाकडी पेटी मांडीवर घट्ट धरलेली.

मी राजापुढे गेलो आणि काठी तीनदा आपटली. कोंबड्या गप्प झाल्या.

"महाराज, या चोपदाराची एक तक्रार आहे," मी म्हटलं. "ती स्वतःविरुद्ध आहे. अकरा वर्षांपूर्वी या दरबारात मी एका बाईंच्या नावाला किताब लावून पुकारलं. तो त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांनी घेतला नव्हता. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, म्हणून मी तो लावला. माझ्या आवाजावर तुम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवलात आणि त्यांच्यासाठी कोणी पत्र लिहिलं नाही. चूक पूर्ण माझी आहे. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा."

मी ताईंकडे पाहायचं टाळत होतो. तरी पाहिलंच. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. शपथ मोडली होती मी.

ग्रॅहॅमने शिक्षा सुनावली. हिलरीने माझ्या हातातली काठी काढून घेतली. "पण तोंड बंद करण्याआधी दोन हाका मारायच्या," ग्रॅहॅम म्हणाला. "पहिली आत्ता. जशी तेव्हा यादीत लिहिली होती तशी."

सोपं वाटतं ना? मला विचारा. अकरा वर्षांत माझ्या तोंडून ते नाव नुसतं कधी निघालं नव्हतं. माझ्या मावशीला भर लग्नात एकेरी हाक मारल्यासारखं झालं. "गौराइसा ऑफ देवगिरी," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज हॉलच्या शेवटापर्यंत पोचला नाही.

ताई उठल्या नाहीत. पेटी धरून तशाच बसल्या, ओठ घट्ट मिटून. त्या आता उठून दाराकडे जाणार, असं मला वाटलं, आणि त्यांचं चुकलंही नसतं. श्रद्धानेही तेच ओळखलं असावं, कारण ती दार अडवून उभी राहिली.

ग्रॅहॅमनेच मग झग्याच्या खिशातून कागदांचा गठ्ठा काढला. "ही एकसष्ट पत्रं आहेत," तो म्हणाला. "चार दिवसांत आली. सगळी वाचत नाही, नाहीतर मटण गार होईल." त्याने वरचं उचललं. ते तंबू ठोकणाऱ्या एका उंच माणसाचं होतं, जो कधी कोणाशी दोन शब्दांपुढे बोलत नाही. त्याने लिहिलं होतं: तिने माझ्या सनदेवर माझा कुत्रा काढला. कुत्रा त्याच महिन्यात गेला होता. मी कोणाला बोललो नव्हतो. माझ्या झग्यावर कुत्र्याचे केस दिसेनासे झालेत, हे तिने पाहिलं होतं.

दुसरं एका तरुण मुलीचं होतं. तिने मंडळात आल्यावर तीनदा नाव बदललं होतं आणि ताईंनी तीनदा सनद नव्याने लिहून दिली होती, एकदाही का म्हणून न विचारता. तिसरं हिलरीचं होतं. त्यात एकच ओळ होती: मी दर वर्षी वह्या तपासत होते आणि हिचं नाव तपासायची मला कधी गरज वाटली नाही, याची मला लाज वाटते.

ताई उठल्या. पेटी बाकावर ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या टेबलांमधून चालत आल्या. माझ्याशेजारून जाताना हळूच म्हणाल्या, "शपथ मोडलीस."

"हो," मी म्हटलं.

"बघून घेते तुला नंतर."

त्या राजापुढे गुडघ्यावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रॅहॅम लगेच स्वतःही खाली बसला. हे कुठल्याच नियमात नाही. त्याने त्यांच्या हातात सनद दिली.

ताईंनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. पिसापाशी थोडा वेळ थांबल्या.

"रेघा आखल्या नव्हत्यास?" त्यांनी मान न वळवता मला मराठीत विचारलं.

"विसरलो, ताई."

"माझं नाव डोंगर चढतंय."

"नवीन लिहून घेऊ. तुम्हीच नीट..."

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. सनद त्यांनी छातीशी धरली होती आणि आता त्या रडत होत्या, सगळ्यांसमोर, डोळे न पुसता. "दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय. आहे तसंच राहू दे." मग ग्रॅहॅमकडे वळून इंग्रजीत, नाक ओढत म्हणाल्या, "ती पेटी मी परत करत नाहीये. याच्या हातात बोरू राहिला तर या दरबाराची अब्रू जाईल. केंब्रिज काही लांब नाही."

दारापाशी श्रद्धाने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

हॉलमध्ये टेबलं बडवली जात होती, कोंबड्या पुन्हा ओरडायला लागल्या होत्या. ताई सगळ्यांना हात हलवत, माझ्याकडे पाठ करून आपल्या बाकाकडे निघाल्या. ग्रॅहॅमने मला मानेने खूण केली. दुसरी हाक. त्यानंतर चार तास तोंड बंद.

काठी नव्हती, म्हणून पायच आपटला. छाती भरून श्वास घेतला.

"लेडी गौराइसा ऑफ देवगिरी!"

खिडक्यांची तावदानं हलली. बाहेर गाड्यांत कुत्री उठली. आवाज शेवटी चिरकला, पण पोचला.

टेबलांच्या मधोमध ताई थांबल्या आणि वळल्या. पहिल्याच हाकेला.

"काय रे?" त्या म्हणाल्या.

मला उत्तर देता आलं नाही. माझी शिक्षा सुरू झाली होती.